खटक्याचा भरवसा

मार्चमधली रात्र होती. यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, मामेभावाच्या केळीच्या मळ्यात आम्ही दोघं खोलीबाहेर खाटा टाकून पडलो होतो. बोलता बोलता दादा एकदम गप्प झाला आणि म्हणाला, ‘‘लाइट आली.’’ खोलीतल्या पेटीवर इवलासा लाल ठिपका लुकलुकत होता. पाऊण मिनिटाने आतून ‘खट्ट’ असा आवाज आला. बोअरच्या पाइपातून आधी हवा फुसफुसली, मग पाणी चढल्याचा भरीव आवाज सुरू झाला. ‘‘झोप आता,’’ दादा म्हणाला आणि कुशीवर वळला.

याच मळ्यात मामांना असं झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेतीची वीज आलटून पालटून येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आठेक तास. रात्रपाळीच्या दिवसांत मामा बॅटरी आणि काठी घेऊन मळ्यात यायचे आणि स्टार्टरसमोर बसून राहायचे. लाइट आली की हिरवं बटण दाबायचं. मध्येच गेली की पुन्हा वाट पाहायची. विंचू, साप, गारठा हे सगळं त्या हिरव्या बटणाच्या वाटेवर होतं. २०१७च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी नरभक्षक बिबट्याने माणसं मारली, तेव्हा रात्री मळ्यात जाण्याचा अर्थ सगळ्या जळगाव जिल्ह्याला नव्याने समजला.

माणसाच्या जागी बटण दाबणाऱ्या या पेट्यांवर भरवसा कसा बसतो, कशामुळे उडतो, एखाद्या पेटीचं नाव होतं आणि दुसरीचं का होत नाही, याचा शोध मी काही काळ जळगाव आणि धुळ्याकडे घेत होतो. शोधाला सुरुवात मात्र मळ्यात झाली नव्हती. ती दादाच्या जळगावातल्या घरी, दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीपाशी झाली. त्या टाकीकडे पुढे येतो.

आधी स्टार्टर. पेटीच्या आत एक गुंडाळी असते, तिला मिस्त्री कॉइल म्हणतात. हिरवं बटण दाबलं की कॉइलमध्ये वीज जाते, ती लोखंडी पट्टी ओढून धरते आणि तिन्ही फेजचे संपर्क जुळतात. लाइट गेली की कॉइलची ओढ संपते, पट्टी सुटते, मोटर बंद पडते. लाइट परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही, आणि हे मुद्दाम तसं केलेलं आहे. वीज गेल्यावर कोणी पाइप उघडलेला असेल, कोणी मोटरीला हात लावलेला असेल, तर अचानक सुरू झालेलं यंत्र जीव घेईल. हिरवं बटण माणसाने स्वतः दाबावं, हा जुन्या अभियंत्यांनी घालून दिलेला नियम होता.

‘ऑटो’ने तो नियम मोडला. गावात या पेटीला दुसरं नाव नाही, नुसतं ऑटो. तिन्ही फेज आल्या आहेत का हे ती पाहते, ठरावीक सेकंद थांबते आणि माणसाच्या बोटाऐवजी स्वतः संपर्क जोडते. मामांच्या पिढीच्या पायातला काटा तिने काढला. महावितरण मात्र वर्षानुवर्षं आवाहन करत आलं आहे की ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. शेतकऱ्याला ते सरकारी रडगाणं वाटतं. मलाही वाटायचं. मग एकदा कागदावर हिशेब मांडला.

समजा १०० केव्हीएची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आहे आणि तिच्यावर पाच अश्वशक्तीच्या वीस मोटरी आहेत. चालू मोटर साधारण पाच केव्हीए घेते, म्हणजे डीपी नेमकी भरली. पण थेट सुरू होणारी मोटर पहिल्या काही क्षणांत सहापट प्रवाह ओढते. वीस ऑटो एकाच वेळी खटकले तर १०० केव्हीएच्या डीपीकडे सहाशेची मागणी जाते. मग दाब कोसळतो. दाब निम्म्यावर आला की मोटरीचा जोर चौथाईवर येतो, आणि चौथाई जोराने तीनशे फुटांखालचा पंप फिरत नाही. न फिरणारी मोटर प्रवाह ओढतच राहते आणि तापते. मोटरी जळतात, फ्यूज उडतात, कधी डीपीच जळते. रब्बीत डीपी जळाली की नवी येईपर्यंत गहू-हरभऱ्याचं जे होतं ते खान्देशात कोणाला सांगायला नको. तेवढ्यात गावात वर्गणी सुरू झालेली असते.

थोडक्यात, एकट्याच्या मळ्यात गुणाची ठरलेली पेटी वीस मळ्यांत मिळून डीपी जाळते. उपाय त्याच पेटीत आहे: थांबण्याची वेळ ठरवणारा स्क्रू. एकाने वीस सेकंद ठेवावेत, दुसऱ्याने पन्नास, तिसऱ्याने दीड मिनिट. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी चहाच्या टपरीवर बसून ही वाटणी केली तर खर्च शून्य. तशी वाटणी करणारे शेतकरी आहेत, पण फार थोडे. बहुतेक पेट्या ज्या वेळेवर दुकानातून येतात त्याच वेळेवर आयुष्य काढतात. मला याची मनापासून हळहळ वाटते.

जळगावात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांत बसलं की पेट्यांची खरी अब्रू कळते. जाहिरातीला तिथे किंमत नाही. कोणती मोटर कोणत्या स्टार्टरखाली जळून आली हे मिस्त्रीच्या डोळ्यांसमोर असतं. गुंडाळीच्या तीन भागांपैकी कोणता भाग काळा पडला आहे यावरून तो सांगतो की फेज तुटली होती, का दाब कमी होता, का मोटर कोरडी फिरली. तिन्ही भाग सारखेच करपले असतील तर ओझं जास्त झालं किंवा दाब पडला. भाग विषम करपले, तर एक फेज गेलेली असताना मोटर चालत राहिली. फेज तुटल्यावर मोटर थांबवणारी पेटी बहुतेकांकडे असते. पण दोन फेजवरही पाणी काढता यावं म्हणून कंडेन्सर लावून ती पेटी बाजूला टाकलेली असते. मोटर जळल्यावर दोष पेटीच्या माथी जातो. रखवालदाराला आपणच घरी पाठवलं होतं, हे त्या वेळी आठवत नाही.

जुन्या नावांचा दरारा किती खोल असतो याचं उदाहरण म्हणजे एल अँड टीचा स्टार्टर. दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या या कंपनीने आपला विद्युत उपकरणांचा व्यवसाय २०२० मध्ये श्नायडर या फ्रेंच समूहाला विकला, आणि २०२४ मध्ये त्या मालाला लॉरित्झ नुडसेन हे नवं नाव मिळालं. खेड्यातल्या गिऱ्हाइकाच्या तोंडी मात्र अजून जुनंच नाव आहे. त्यामागचं कारण साधं आहे. झाकण उघडलं की आतलं सगळं दिसतं. कॉइल गेली तर कॉइल मिळते, संपर्काचे तुकडे झिजले तर तुकडे मिळतात, ओव्हरलोडचा रिले बदलता येतो, आणि हे सगळं तालुक्याच्या बाजारात, त्याच दिवशी होतं.

ऑटोनंतर मोबाइल स्टार्टर आले. त्यात महाराष्ट्राचं स्वतःचं मोठं काम आहे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे उपकरण साध्या मोबाइलवरून पंप चालू-बंद करतं, लाइट आहे की नाही ते सांगतं. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याचा गौरव झाला. शेतकऱ्याने पेटीतल्या सिमला फोन करायचा, आकडा दाबायचा, झालं. त्यानंतर असे स्टार्टर बनवणारे अनेक निघाले. मग २०१८च्या अखेरीस दूरसंचार कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली. पेटीतलं सिम कोणाशी बोलत नाही, फक्त फोन घेतं. त्याला दरमहा पैसे का भरायचे, म्हणून लोकांनी भरले नाहीत. फोन लागेनासा झाला आणि गावात बोललं गेलं की मोबाइल स्टार्टर टिकत नाही. पेटी तर धडधाकट होती. तिची अब्रू तिच्या हातात नसलेल्या एका गोष्टीने घालवली.

ठिबकचं स्वयंचलन ही याच्या पुढची पायरी, आणि जळगाव तिचं माहेर म्हणावं असं शहर. जामनेर तालुक्यातल्या वाकोदच्या भवरलाल जैन यांनी पाइपांच्या धंद्यातून ठिबककडे वळून १९८०च्या दशकाच्या शेवटी जे काम सुरू केलं, त्याने इथल्या केळीचा चेहरा बदलला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना एका केळीला रोज वीस लिटरांच्या आसपास पाणी लागतं. दोन दिवस चुकलं तर पानं मलूल होतात, घड पोसत नाही. मोठ्या बागांत आता कंट्रोलर असतो. कोणत्या वॉलला किती मिनिटं पाणी, त्यात किती युरिया, किती पोटॅश, पाण्याचा सामू किती, हे सगळं तो पाहतो.

सामू मोजायला त्यात काचेचा एक प्रोब असतो. टोकाला पातळ काचेचा फुगा, आत द्रव. पाण्याचा सामू एका अंकाने बदलला की नव्या प्रोबमधून जवळजवळ ५९ मिलिव्होल्टचा फरक निघतो. काच म्हातारी होत जाते तसा हा फरक घटतो. प्रोब कोरडा पडला की बिघडतो, क्षार बसले की आळसावतो. चार आणि सात सामूच्या द्रावणात बुडवून त्याला अधूनमधून ताळ्यावर आणावं लागतं, आणि वर्ष-दोन वर्षांत बदलावंच लागतं. कंट्रोलर विकताना हे सांगायला कोणी विसरत नसेल, पण ऐकताना सगळे विसरतात. आळसावलेला प्रोब आम्ल पोहोचल्याचं उशिरा सांगतो, तोवर कंट्रोलर आणखी आम्ल ओततो.

आता टाकीकडे.

दादाच्या घरची टाकी चार फुटी आहे, अडीचशे लिटरांची. आरओच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने मीठ विरघळवून तो समुद्र तयार करतो; म्हणजे एका भरणीला जवळपास नऊ किलो मीठ, आणि तेही खास या कामाचं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीचं सगळं हिशेबात असलेलं. तापीच्या खोऱ्यातलं पाणी एरवी सुरतेच्या पुढे डुमसपाशी समुद्राला मिळतं. त्यातलं थोडं त्याने दिवाणखान्यातच खारं करून ठेवलं आहे. टाकीत नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे विदूषक मासे आहेत, पैदास केंद्रात जन्मलेले. प्रवाळ त्याने ठेवले नाहीत, आणि ते योग्यच आहे. २००१ पासून प्रवाळांना आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं कवच आहे.

जळगावात हा छंद करणं म्हणजे ऋतूंशी रोजचा सामना. माशांना २५-२६ अंश पाणी हवं. मे महिन्यात चिलर लागतो, जानेवारीच्या रात्री हीटर. पाणी उडून जाईल तसं खारेपण वाढतं, म्हणून फ्लोट आणि छोटा पंप रोज गोडं पाणी भरून काढतात. हे सगळं माणसाने सांभाळायचं तर घर सोडता येणार नाही, म्हणून जगभरचे हौशी लोक टाकीला कंट्रोलर लावतात. अमेरिकेत नेपच्यून सिस्टिम्सचा एपेक्स, जर्मनीत जीएचएलचा प्रोफिलक्स ही त्यातली नावाजलेली नावं. दादाकडे दुसराच होता, त्याचं नाव इथे नको.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत घरचे सगळे धुळ्याला लग्नाला गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी परतले तेव्हा टाकीतलं पाणी ३६ अंशांवर होतं आणि सगळे मासे मेलेले. कंट्रोलर बारीक आवाजात शिट्टी मारत होता. फोनवर इशारा आलाच नाही, कारण घर बंद करताना वहिनींनी सवयीने राउटरचं बटण बंद केलं होतं. दादा मला सांगत होता तेव्हा मासे मेल्याचं दुःख त्याच्या बोलण्यात होतंच, पण त्याला खरं हादरवलं होतं पडद्यावरच्या एका ओळीने. तिथे लिहिलं होतं: हीटर बंद. आणि हीटर हाताला चटका देत होता.

कंट्रोलरने खोटं सांगितलं नव्हतं. त्याने रिलेला ‘सोड’ असा हुकूम दिला होता आणि दिलेला हुकूम पडद्यावर लिहिला होता. रिलेचे संपर्क मात्र एकमेकांना चिकटून बसले होते. हुकूम पाळला गेला का, हे पाहणारं डोळ्यासारखं काही त्या यंत्रात नव्हतं. सॉकेटमधून प्रत्यक्ष किती वॅट जातात ते मोजणारे कंट्रोलर मिळतात, त्यांना ही चूक दिसली असती.

दादाने तो रिले काढला आणि त्याच रिवाइंडिंगवाल्या मिस्त्रीकडे नेला ज्याच्याकडे मळ्यातल्या मोटरी जातात. मिस्त्रीने भिंगाखाली धरला आणि पहिला प्रश्न विचारला: किती वेळा खटकत होता? दादाने तापमान पाव अंशही हलू नये म्हणून अगदी बारीक फरक ठेवला होता. हीटर दर दोन मिनिटांना चालू-बंद व्हायचा. दिवसाला ७२० खटके. असल्या छोट्या रिलेचं आयुष्य पूर्ण ओझ्यावर साधारण एक लाख खटक्यांचं धरतात. म्हणजे साडेचार महिने. दर खटक्याला संपर्कांमध्ये ठिणगी उडते, धातू किंचित वितळतो, आणि एखाद्या ठिणगीला तो वितळलेला असतानाच जोडला जातो. फरक अर्धा अंश ठेवला असता तर तोच रिले कितीतरी पट टिकला असता, आणि माशांना अर्ध्या अंशाने काही झालं नसतं.

त्यानंतर दादाने दोन गोष्टी केल्या. हीटरच्या वायरीत कंट्रोलरच्या पुढे एक वेगळा, साधा, पत्र्याच्या पट्टीवर चालणारा थर्मोस्टॅट बसवला, २८ अंशांवर लावलेला. रिले चिकटला तरी हा तोडेल. दुसरं म्हणजे नवा कंट्रोलर घेताना त्याने एकच प्रश्न दुकानदाराला धरून ठेवला: याचा मेंदू मेला तर प्रत्येक सॉकेट कोणत्या बाजूला पडेल? एपेक्सच्या बाबतीत याला फॉलबॅक म्हणतात. मेंदूशी संपर्क तुटला की पाणी फिरवणारा पंप चालूच राहावा, हीटर बंद पडावा, हे आधीच लिहून ठेवायचं असतं. बहुतेकांना ते लिहून ठेवायचं असतं हेच माहीत नसतं, असं मला चार टाकीवाल्यांशी बोलून दिसलं.

हा प्रश्न कळल्यावर मी मळ्यातल्या कंट्रोलरकडे नव्या नजरेने पाहिलं. ठिबकचे विजेवर चालणारे वॉल दोन तऱ्हेचे असतात. एकाला उघडं राहायला सतत वीज लागते. वीज गेली की तो मिटतो. दुसऱ्याला फक्त एक झटका लागतो. वीज गेली की तो जिथे होता तिथेच राहतो, उघडा तर उघडा. बॅटरीवर चालणारे सहसा हे दुसरे. पहिल्या तऱ्हेत कंट्रोलर मेला आणि पंप चालू राहिला तर सगळे वॉल मिटलेले, दाब वाढतो आणि पाइप फुटतो. म्हणून तिथे दाब सोडणारा वॉल हवाच. दुसऱ्या तऱ्हेत एकाच तुकड्यात रात्रभर पाणी जातं. कोणती तऱ्हा चांगली, याला एक उत्तर नाही. आपली कोणती आहे हे माहीत असणं मात्र पिकाइतकं मोलाचं आहे.

धुळ्याकडे गेलो तेव्हा हाच प्रश्न मला एका फार जुन्या जागी उत्तरासकट भेटला. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीचे बंधारे आहेत, काही शतकांचे. बंधाऱ्यातून कालवा निघतो, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत सारंग. पाणी कोणाला किती, हे पाटकरी पाहतो, रात्री जागल्या राखण करतो. संपूर्ण फडाला एकाच पिकाचं पाणी मिळतं, त्यामुळे भांडणाला जागा कमी. या रचनेत सांडम असतात: जादा पाणी आपोआप बाहेर काढून देणारी वाट. पाटकरी झोपी गेला, दार उघडं राहिलं, तरी पाणी शेत धुऊन नेत नाही, सांडमातून निघून जातं. हा फॉलबॅकच आहे, दगडमातीत बांधलेला. ज्यांनी तो बांधला त्यांनी पाटकऱ्यावर विश्वास ठेवला होता आणि पाटकऱ्याला झोप लागते हेही ध्यानात ठेवलं होतं. मी त्या सांडमापाशी बराच वेळ उभा होतो.

त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे, आणि आता शेताशेतांत सौर पंप येत आहेत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी दहा टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी पाच टक्के, आणि जमिनीप्रमाणे तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. रात्रीचं जागरण मुळातच संपवणारी ही योजना मला फार मोलाची वाटते. ‘लाइट उनी का?’ हा अहिराणीतला रोजचा सवाल त्या शेतांत विचारावा लागत नाही. ऊन पडलं की पाणी चालू. कंट्रोलर ऊन कमी-जास्त होईल तशी मोटरीची गती बदलतो, बोअर आटला तर कोरडी मोटर थांबवतो. पाच वर्षांची हमीही आहे.

पण ही पेटी सीलबंद आहे. पडद्यावर एक सांकेतिक अंक येतो आणि मोटर थांबते. अंकाचा अर्थ शेतकऱ्याला सांगितलेला नसतो, मिस्त्रीला पेटी उघडायची मुभा नसते. माणूस येईपर्यंत कापूस, कांदा थांबत नाही. कागदोपत्री ही पेटी जुन्या स्टार्टरपेक्षा शंभरपट शहाणी आहे, तरी गावात तिचं नाव व्हायला वेळ लागतो आहे, त्याचं कारण एवढंच. पुरवठादारांनी प्रत्येक पेटीच्या झाकणावर त्या अंकांचे अर्थ मराठीत चिकटवले आणि तालुक्याच्या दोन-दोन मिस्त्रींना शिकवून उघडण्याचा अधिकार दिला, तर हे चित्र एका हंगामात पालटेल. ही मागणी मी इथे नुसती नोंदवत नाही, तिचा आग्रह धरतो. पाच वर्षांची हमी संपेल तेव्हा यातल्या हजारो पेट्यांना मिस्त्रीची गरज एकाच सुमारास पडणार आहे.

पावसाळा सरल्यावर मी पुन्हा यावलला गेलो. दादाने आता एक रिवाज पाडला आहे. दर अमावास्येला, मळ्यात सगळं चालू असताना, तो कंट्रोलरची वायर स्वतःच्या हाताने काढतो. त्या दिवशी घरच्या टाकीचाही मेंदू बंद करतो आणि खुर्ची टाकून समोर बसतो.

या वेळी मी त्याच्याबरोबर होतो. मळ्यात अंधार पडला होता. ‘‘वॉलपाशी जाऊन उभा राहा, हात ठेव त्याच्यावर,’’ तो म्हणाला. मी केळीच्या ओळींतून वाकत गेलो, ओल्या पानांनी सदरा भिजला. वॉलवर तळहात ठेवला. आतून पाणी वाहताना जी बारीक थरथर जाणवते ती होती. लांबून दादाची हाक आली, ‘‘काढली!’’ मी मोजायला लागलो. चारवर थरथर थांबली. पाठोपाठ बोअरकडून दाब सोडणाऱ्या वॉलचा फुत्कार ऐकू आला, आणि जादा पाणी नाल्याकडे निघालं.

‘‘मिटला?’’ दादाने विचारलं.

‘‘मिटला,’’ मी ओरडून सांगितलं.

‘‘मग आता पुढचा. चौथ्या नंबरचा गेल्या खेपेला उशीर करत होता.’’